व्यायामाचा रतीब आणि त्याचे खाडे

कितीतरी स्वयंपाकघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. सहा तारखेला दूध आलं नाही, एक फुली. चौदा-पंधराला घरचे सगळे गावाला गेले होते, दोन फुल्या. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे वजा करायचे आणि रतीब पुढे चालू. खाडा पडला म्हणून कोणी रतीब तोडत नाही. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट दूधही घेत नाही.

व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण या दोन्ही चुका करतो. सलग अठरा दिवस फिरायला जाणारा माणूस एकोणिसाव्या दिवशी पाहुण्यांमुळे राहतो, विसाव्या दिवशी पाऊस असतो, आणि एकविसाव्या दिवशी ‘बारगळलंच ते’ असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलेलं असतं. नाहीतर चिडून त्या दिवशी दुप्पट व्यायाम करतो, अंग धरतं आणि पुढचे चार दिवस जातात. व्यायाम एका खाड्याने कधीच सुटत नाही. खाड्यानंतर काय करायचं हे आधी ठरलेलं नसतं, तिथे तो सुटतो.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा १९६० सालच्या एका पुस्तकातून पसरला. एका प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस जातात. त्याचा व्यायामाशी काही संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी पुढे ९६ जणांच्या रोजच्या सवयी बारा आठवडे नोंदवल्या, आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर जमल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि सगळ्यात कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे आठव्या आठवड्यातही अंथरुणातून उठताना जड वाटत असेल तर तुमच्यात काही कमी नाही, सवय अजून मुरतेय इतकंच.

म्हणून सुरुवात रतीब ठरवण्यापासून करावी. अर्ध्या लिटरचा रतीब लावताना आपण दिवाळीचा हिशेब धरत नाही. साध्या दिवसाला जेवढं नक्की लागतं तेवढंच सांगतो. पाहुणे आले तर जास्तीचं घेतो, पण रतीब तोच राहतो. व्यायामाचं माप तर त्याहून खाली आणावं, आपल्या सगळ्यात वाईट दिवसाला बेतलेलं. रात्री एक वाजता घरी आलोय, सकाळी मुलाची परीक्षा आहे, डोकं जड आहे, अशा दिवशीही जे होईल तेच खरं माप. माझ्या मते ते तीन सूर्यनमस्कार आणि दहा बैठका एवढंच असावं. श्वासाच्या लयीत सावकाश घातलेल्या एका नमस्काराला पंचवीस-तीस सेकंद लागतात. तीन नमस्कारांना दीड मिनिट, बैठकांना अर्धं-पाऊण मिनिट. सव्वादोन मिनिटांत काम संपतं. एवढ्याने शरीर घडणार नाही हे खरं, पण रतीब टिकवायचं काम तेवढ्यात होतं, आणि बऱ्याचदा तीन झाल्यावर आणखी सहा घालावेसे वाटतात.

वेळ घड्याळाऐवजी घरातल्या एखाद्या कामाला बांधावी. ‘सकाळी सहाला’ असं ठरवलं की सव्वासहाला उठलेल्या दिवशी सगळं कोसळतं. गिझरचं बटण सगळ्यात चांगलं. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गिझर भरल्या टाकीचं पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण १३ मिनिटं घेतो. बटण दाबलं की सतरंजी अंथरायची. तेरा मिनिटांत बारा नमस्कार, वीस बैठका आणि मध्ये दम खायला वेळ, एवढं सगळं बसतं. घरात सोलर किंवा गॅस गिझर असेल तर चहाचं आधण, मुलांची स्कूलबस गेल्यानंतरची रिकामी वेळ किंवा संध्याकाळचे ऑफिसचे कपडे बदलणं यातलं काहीही चालेल. एकच अट: ती गोष्ट रोज घडणारी हवी, आणि सतरंजी डोळ्यांसमोर हवी. कपाटाच्या वर गुंडाळून ठेवलेली सतरंजी निम्मे खाडे पाडते.

आता नमस्कार नीट कसा घालायचा, कारण इथे घाई केली की दोन महिन्यांत खांदा किंवा मनगट बोलायला लागतं.

उठल्या उठल्या लगेच गुडघे ताठ ठेवून वाकू नये. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात; पहिल्या तासाभरात वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. तोंड धुवून, घरात चार फेऱ्या मारून मग सुरुवात करा, आणि पहिले काही नमस्कार गुडघे खुशाल वाकवून घाला. पोट मांडीला टेकलं पाहिजे, हात जमिनीला टेकणं दुय्यम.

खरी गडबड होते ती हातांवरून खाली जाताना, साष्टांगाच्या अवस्थेत. तळवे खांद्यांच्या बरोबर खाली, बोटं फाकलेली, मधलं बोट सरळ समोर. भार तळहाताच्या मनगटाकडच्या कडेवर पडू द्यायचा नाही, तो अंगठा आणि तर्जनीच्या मुळाशी दाबायचा. मनगटदुखीच्या बऱ्याच तक्रारी एवढ्या बदलाने हलक्या होतात. कोपरं बाहेर फाकवायची नाहीत, बरगड्यांना घासत मागे न्यायची. कोपरं पंखासारखी पसरली की खांद्याच्या पुढच्या भागात कळ यायला लागते. मनात तीन आकडे मोजत खाली या. दोनवरच धप्पकन पडत असाल तर आधी गुडघे टेका. त्यात कमीपणा काही नाही. तेही जड जात असेल तर महिनाभर स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून छाती खाली-वर करा, मग त्याहून बुटक्या दिवाणाच्या कडेवर, मग जमिनीवर. उंची जितकी कमी, तितकं वजन हातांवर जास्त येतं.

भुजंगासनात बहुतेक जण हात ताठ करून छाती ढकलतात आणि सगळी कमान कंबरेच्या एकाच सांध्यावर घेतात. तपासायचा सोपा मार्ग आहे. छाती वर असताना दोन्ही तळवे क्षणभर जमिनीपासून सुटे करा. छाती तिथेच राहिली तर पाठीचे स्नायू काम करतायत. धाडकन खाली आली तर तुम्ही हातांवर टांगलेले होता. पुढच्या वेळी तेवढं वर जाऊ नका. नाभी जमिनीजवळ, खांदे कानांपासून लांब.

बैठकांसाठी मागे एक खुर्ची ठेवा, साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची. ढुंगण टेकलं न टेकलं की उठायचं. टाचा उचलल्या जात असतील तर घोटे आखडलेले आहेत. टाचांखाली दोनेक सेंटीमीटर जाडीचा टॉवेल घडी करून ठेवा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेलाच जायला हवेत, आत वळता कामा नयेत. तालमीतली बैठक टाचा उचलून चवड्यांवर मारतात. ती पूर्ण वेगळी, गुडघ्यांवर जास्त भार टाकणारी आहे आणि पहिल्या वर्षात तिच्या वाटेला जायची गरज नाही.

वाढ सावकाश करावी. पहिल्या आठवड्यात तीन नमस्कार, मग दर आठवड्याला दोन वाढवत पाच, सात, नऊ, अकरा, आणि सहाव्या आठवड्यात बारा. तिसऱ्या आठवड्यातच वीस घालता येतील असं वाटतं, येतातही. पण स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, मागे राहतात. उत्साहात वाढवलेल्या व्यायामातली दुखणी बहुतेक याच फरकातून येतात.

रथसप्तमीचे १०८ नमस्कार हे त्याचं ठळक उदाहरण. माघातल्या त्या सकाळी शाळांच्या मैदानांवर आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर माणसं जमतात, ते दृश्य मला मनापासून आवडतं. पण हिशेब मांडून बघा. एका नमस्कारात दोनदा पुढे वाकणं आणि एकदा हातांवरून खाली जाणं. १०८ म्हणजे २१६ वाकणी आणि हातांवरून १०८ उतरणी. ज्याचा रोजचा आकडा शून्य आहे त्याच्या खांद्यांवर आणि कंबरेवर हे एका तासात येतं. पुढचे तीन दिवस केस विंचरताना हात वर जात नाही, आणि नमस्कार पुढच्या रथसप्तमीपर्यंत बंद. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लावले तेव्हा त्यामागची कल्पना रोजच्या नेमाची होती. १०८ घालायचेच असतील तर डिसेंबरपासून चढत जावं, नाहीतर घरातल्या आणि शेजारच्या नऊ जणांनी बारा-बारा घालावेत. बारा नव्वे एकशे आठच होतात.

नमस्कारात सगळं आहे असं आपण ऐकत आलोय, पण त्यात एक गोष्ट नाही: ओढणं. ढकलणं आहे, वाकणं आहे, ताणणं आहे. काहीतरी आपल्याकडे ओढायचं काम कुठेच नाही, आणि दिवसभर संगणकापुढे बसून पुढे झुकलेल्या खांद्यांना नेमकं तेच हवं असतं. त्यासाठी पाच लिटरच्या तेलाचा रिकामा कॅन घ्या, मूठ असलेला. स्वच्छ धुवा आणि त्यात तीन लिटर पाणी भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन वाढवायला बाजारात जावं लागत नाही. डावा हात आणि डावा गुडघा दिवाणावर टेकून, पाठ टेबलासारखी आडवी ठेवून उजव्या हाताने कॅन कंबरेकडे ओढायचा. कोपर मागे जायला हवं, खांदा कानाकडे नको. दहा वेळा, मग दुसरी बाजू. असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून दोन दिवस. बारा वेळा सहज व्हायला लागलं की अर्धा लिटर वाढवा. झाकण घट्ट आहे ना हे आधी बघा.

चालण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. दीडशे मिनिटं म्हणजे रोज साधारण २२. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असा वेग. सलग दहा मिनिटं तरी चाललंच पाहिजे ही जुनी अट त्या वेळी काढून टाकली गेली, त्यामुळे स्टेशनचा जिना आणि भाजी आणायची घाईची फेरी दोन्ही जमेत धरा. दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो आला. सात हजारांवर दिवस संपला तर रात्री साडेअकराला हॉलमध्ये फेऱ्या मारू नका, झोपा. सात तासांची झोप बुडवून केलेला व्यायाम महाग पडतो.

नवीन व्यायामानंतर दुखणारच. एक ते तीन दिवसांत वाढणारं, दोन्ही बाजूंना सारखं, स्नायूच्या मधोमध जाणवणारं आणि हालचालीने सैल होणारं दुखणं साधं असतं. गड चढून आल्यावर मांड्या भरतात त्या खरं तर उतरण्यामुळे. स्नायू ताणला जात असतानाच त्याला वजन रोखून धरावं लागतं, म्हणून. अशा दुखण्यात रतीब चालू ठेवायचा, जास्तीचं बंद. पण एकाच सांध्यात टोचणारी कळ, सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हातापायाला मुंग्या, यात थांबून डॉक्टरांना दाखवावं. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम आला तर थेट रुग्णालय. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणाऱ्या अवस्था विचारल्याशिवाय करू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी जास्त व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. वेळ आणि खाणं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

खाण्यात आपल्याकडे सहसा प्रथिनं कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅमची आहे. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री भात-आमटी, अशा दिवसात हा आकडा गाठणं अवघड जातं. ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण साधारण साडेसहा-सात ग्रॅम देतं, तेवढेच शेंगदाणेही तेवढंच. दोन अंडी बारा, १०० ग्रॅम पनीर अठराच्या आसपास, ३० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे चंक्स पंधरा. म्हणजे पोह्यांवर मूठभर मोडाची मटकी, वरण घट्ट आणि जेवणात वाटीभर दही, एवढ्यानेही बरीच भर पडते. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात. खिचडीतले शेंगदाणेच काय ते, म्हणून दाण्याची आमटी आणि दूध घ्यावं.

मोदक खाल्ले म्हणून व्यायाम वाढवू नका. हे मी आग्रहाने सांगतो. व्यायामाला शिक्षेचं रूप दिलं की मन तो टाळायला लागतं, आणि खाणं हे गुन्ह्यासारखं वाटायला लागतं. गणपतीत मोदक खायचे, दिवाळीत फराळ करायचा, रतीब चालू ठेवायचा. खारट-गोड खाण्याने आणि पाण्याने वजनकाटा दिवसात किलो-दोन किलो इकडेतिकडे होतोच. रोज बघून जीव जाळण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी बघा. त्यापेक्षा कंबरेची टेप जास्त खरं बोलते. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटरच्या वर धोका वाढतो असं धरतात. आणि मांडी घालून जेवायला बसल्यावर हात न टेकता उठता येतं का, तेही दर महिन्याला पाहा.

नोंद मात्र त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवा. रतीब झाला की टिंब. पूर्ण व्यायाम झाला की टिंबाभोवती गोल. काहीच झालं नाही तर फुली, आणि फुलीशेजारी एक शब्द: ताप, प्रवास, पाहुणे, कंटाळा. महिनाअखेरीला हे शब्द वाचले की कुठे अडतंय ते कळतं. फुलीशेजारी ‘पाऊस’ जास्त वेळा आला असेल तर चालणं जिन्यात हलवा. दर गुरुवारी ‘उशीर’ असेल तर गुरुवारी फक्त रतीब धरा. महिन्यात वीस टिंबं असतील तर महिना चांगला गेला. एका फुलीकडे लक्षही देऊ नका. सलग दोन फुल्या पडल्या की तिसऱ्या दिवशी तीन नमस्कार आणि दहा बैठका एवढंच करायचं, अंगात कितीही जोर असला तरी, कारण त्या दिवशी फक्त साखळी जोडायची असते.

मोठा खाडा आजारपणाचा. अंगात ताप असताना व्यायाम नाही, रतीबही नाही. नुसती सर्दी, नाक वाहतंय, पण ताप नाही आणि छाती मोकळी आहे, तर हळू चालायला हरकत नसते. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवस साधं चालून बघा. डेंग्यूनंतर थकवा रेंगाळतो आणि चिकनगुनियानंतर सांधे आठवडेच्या आठवडे दुखत राहतात, तेव्हा मनगटांवर भार टाकणारा नमस्कार बाजूला ठेवून खुर्चीच्या बैठका आणि चालणं एवढ्यावरच राहावं आणि नमस्कार कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना विचारावं. दोन आठवडे विश्रांती झाली की दम आधी कमी झालेला जाणवतो. ताकद त्या मानाने टिकून असते, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. जमतंय म्हणून जुन्या आकड्यावर उडी मारू नका. बारा घालत होता तर सहावर या, आठवडाभर सहाच घाला, मग पूर्वीसारखे दर आठवड्याला दोन वाढवा. कॅनमधलं पाणीही निम्मं ओतून टाका.